सकर मासा घरी पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-अडीच इंचांचा, काळपट, अंगभर ठिपके असलेला आणि काचेला तोंड चिकटवून बसलेला मासा. दुकानदार म्हणतो, ‘हा एक टाका, टँक साफ ठेवेल.’ किंमतही फार नसते, मग आपणही म्हणतो, टाका. माझ्याकडे तो असाच आला. आज तो मनगटापासून कोपरापर्यंत भरतो आणि त्याच्या टँकला जागा करायला दिवाणखान्यातलं शोकेस काढावं लागलं. ‘आमच्याकडेही एक आहे हो’ म्हणत लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सकर म्हणजे नेमका कोणता मासा?

दक्षिण अमेरिकेतल्या लोरिकॅरिडी कुळातला मासा. आपल्या शिंगाळ्यासारखाच तो कॅटफिशच्या गोतावळ्यातला, पण अंग गुळगुळीत नाही. खवल्यांऐवजी हाडांच्या तकट्या एकमेकींवर बसवलेल्या असतात, चिलखतासारख्या. तोंड खालच्या बाजूला, चोषक बशीसारखं. त्यानेच तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि त्यानेच पृष्ठभाग खरवडतो.

शौकीन लोक याला ‘प्लेको’ म्हणतात. हे नाव हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस या माशावरून आलं, ज्याचं वर्णन स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली केलं होतं. गंमत म्हणजे दुकानात प्लेको किंवा सकर म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा हा मासा नसतोच. तो त्याचा चुलतभाऊ, टेरिगोप्लिक्थिस. ओळखायचं असेल तर पाठीवरचा पर उभारला की त्यातल्या काड्या मोजा. पुढचा काटा सोडून सातच्या आसपास असतील तर हायपोस्टोमस किंवा ब्रिसलनोज (याच कुळातला छोटा मासा, त्याच्याबद्दल पुढे). दहा किंवा त्याहून जास्त असतील तर टेरिगोप्लिक्थिस. पिल्लू विकत घेताना ही मोजणी करून घेतली तर पुढचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

तो किती मोठा होतो?

एक ते दीड फूट. चुकून नव्हे, सर्रास. नीट खाऊपिऊ घातलं तर पहिल्याच वर्षात सहा-सात इंच गाठतो. आणि आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं, म्हणजे मूल बालवाडीत असताना आणलेला मासा त्याच्या बारावीच्या परीक्षेलाही घरात असणार.

टँक लहान ठेवला तर तोही लहानच राहील ना?

हे मला आठवड्याला एकदा तरी ऐकायला मिळतं. ‘मासा टँकच्या मापाने वाढतो’ ही समजूत अर्धवट खरी आहे आणि म्हणूनच घातक आहे. लहान टँकमध्ये मासा खुंटतो हे खरं, पण तो खुंटतो खराब पाण्यामुळे आणि अपुऱ्या जागेमुळे. पाठीला बाक येतो, पोट आत जातं आणि तो वेळेआधी मरतो. कुंडीतल्या वडासारखं बोन्साय करायची ती वस्तू नव्हे.

मग टँक केवढा हवा?

आपल्याकडे टँक फुटांत मोजतात, तसंच सांगतो. २ बाय १ बाय १ फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. त्यात पिल्लू चार-सहा महिने राहील, बस. ४ बाय दीड बाय दीड म्हणजे सुमारे २५० लिटर. तिथे तो बरीच वर्षं काढतो, पण पूर्ण वाढलेल्या माशाला दीड फूट रुंदीत वळताना शेपूट आखडावी लागते. खरा टँक ६ बाय २ फुटांचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार फुटी टँक काच, खडी, दगड आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या पुढे जातो. तो भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या बाजूला ठेवायचा; बाल्कनीच्या पुढे आलेल्या स्लॅबवर अजिबात नाही.

सकर बाकीच्या माशांची शी खातो ना?

नाही. उलट सगळ्यात जास्त शी यालाच होते. लांब, दोऱ्यासारखी, दिवसभर चालूच. सकर आणल्यावर टँक साफ होत नाही, साफसफाईचं काम वाढतं. दुकानातलं ‘टँक क्लीनर’ हे नाव ऐकून घेतला असेल तर खडीतून सायफन फिरवायची सवय आजपासूनच लावून घ्या.

निदान शेवाळ तरी खातो की नाही?

खातो, पिल्लू असताना. काचेवरचा तपकिरी थर आणि मऊ हिरवी साय तो रात्रीतून चाटूनपुसून खातो. नवीन टँकमध्ये पहिल्या एक-दोन महिन्यांत जो तपकिरी भुरका चढतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. तो याला आवडतो आणि तसाही तो आपोआप कमी होतो, श्रेय मात्र सकरला मिळतं. काचेवर टणक हिरवे ठिपके बसले असतील तर ते त्याला खरवडता येत नाहीत. त्यासाठी जुनं एटीएम कार्ड बरं. झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या काळ्या दाढीसारख्या शेवाळाला तो तोंडही लावत नाही.

सहा-आठ इंचांचा झाला की शेवाळाचा उत्साह ओसरतो. वरून दाणे पडतात हे एव्हाना त्याला कळलेलं असतं.

शेवाळ वाढायची कारणं प्रकाश आणि खत ही आहेत. टँक खिडकीसमोर असेल, लाइट सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत चालू असेल आणि मुलं दिवसातून चार वेळा चिमूटभर दाणे टाकत असतील तर दहा सकर आणूनही काच हिरवीच राहणार. लाइट सहा ते आठ तास ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, दाणे निम्मे करा. पंधरा दिवसांत फरक दिसतो, तोही फुकटात.

त्याला वेगळं खायला घालावं लागतं का?

लागतं, आणि इथेच बहुतेक सकर मरतात. टँक चकचकीत, शेवाळ संपलेलं, वरचे दाणे वरचे मासे फस्त करतात आणि हा तळाशी उपाशी. ‘तो शेवाळ खातो ना’ म्हणून कुणाचं लक्षच जात नाही. काचेला चिकटला की खालून पोट बघा. भरलेलं, किंचित गोल असेल तर ठीक. आत गेलेलं, खळगा पडल्यासारखं दिसलं तर मासा उपाशी आहे.

बुडणाऱ्या गोळ्या मिळतात, शेवाळाच्या वड्या किंवा वेफर म्हणून. रात्री लाइट बंद केल्यावर टाका, म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडी लागत नाहीत. पण खरी मजा आपल्या मंडईत आहे. काकडीची जाड चकती, दुधी, दोडका, लाल भोपळा, पालक. काकडी सोडून बाकीच्यांना दोन-तीन मिनिटं उकळी द्या, मीठ घालू नका. चकती तरंगते, म्हणून तिच्यात स्टीलचा काटा खुपसून सोडायची. सकाळी सालीची फक्त चक्री उरलेली दिसते. जे उरलं असेल ते सकाळीच काढा, नाहीतर पाणी आंबतं. भाजी धुऊन, शक्य असेल तर सोलून द्या. औषध फवारलेल्या सालीचा माशाला आपल्यापेक्षा आधी त्रास होतो.

अधूनमधून थोडी प्रथिनंही लागतात: कोळंबीचा तुकडा किंवा बुडणारे साधे दाणे, आठवड्यातून एकदा. आणि पोळी, भात, पाव, शेव काहीही नाही. माझ्या आत्याने एकदा प्रेमाने पोळीचा तुकडा टाकला होता. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं होतं. आठवड्यातून एक दिवस त्याला उपास घडला तर उत्तमच. वार कोणता ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा.

टँकमध्ये लाकूड ठेवा असं सांगतात, ते कशासाठी?

लाकडावर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा मऊ थर चढतो, तो खरवडायला त्याला आवडतं. थोडं लाकूडही पोटात जातं. खरोखर लाकूड कुरतडणारे मासे याच कुळात आहेत, पॅनाक जातीचे, पण आपला साधा सकर त्यांच्यातला नाही. त्याच्यासाठी लाकडाचा मोठा उपयोग लपण्याचा. दुकानात मिळणारं पाण्यात मुरलेलं लाकूड घ्या, उकळून दोन-चार दिवस भिजत ठेवा. पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका. अंगणातलं कडुलिंबाचं किंवा निलगिरीचं ओंडकं मात्र नको. लाकूड नसेल तर चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा बूड फुटलेली मातीची कुंडीही चालते.

पाणी कसं हवं? आमच्याकडे बोअरचं आहे.

याला काटक म्हणतात ते यासाठीच. २४ ते २८ अंश तापमान आणि साडेसहा ते साडेसातच्या आसपास पीएच हे उत्तम, पण बोअरच्या जड पाण्यातही तो रुळतो, फक्त बदल हळूहळू व्हायला हवा. एका दिवसात सगळं पाणी बदलणं हा काटकपणाचा गैरफायदा आहे.

खरा धोका नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनची मात्रा वाढते. एका जुलैमध्ये मी आळस करून नळाला पाइप लावला आणि थेट अर्धा टँक भरला. सकाळी चार टेट्रा उलटे तरंगत होते आणि सकर वरच्या कोपऱ्यात नाक काढून बसला होता. तो वाचला, पण ते श्रेय त्याचं, माझं नव्हे. तेव्हापासून पाणी आधी पिंपात भरून, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवतो. घाई असेल तर अँटीक्लोर घाला. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा हायपो.

दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. त्या मळकट स्पंजमध्ये अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. स्पंज पांढराशुभ्र दिसला की धुणाऱ्याला समाधान वाटतं, पण माशांच्या जिवावर बेततं.

उन्हाळ्यात पाणी तापतं, काय करू?

विदर्भ-मराठवाड्यातल्यांचा प्रश्न. पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. झाकण काढून वरून टेबल फॅनचा वारा द्या, एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा, लाइट बंद ठेवा. बर्फाचे खडे थेट टाकू नका. झाकण काढलंत तर वर जाळी मात्र लावा, सकर उडी मारतो.

लाइट गेली की तो वर येऊन हवा गिळतो. मरतोय का?

नाही, तो श्वास घेतोय. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की सकर वर येऊन हवेचा घोट घेतो आणि ती थेट पोटात घेतो. त्याच्या जठराच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथून प्राणवायू रक्तात जातो. याच जोरावर तो ओलसर राहिला तर पाण्याबाहेरही कित्येक तास तग धरतो. बाकीच्या बहुतेक माशांना ही सोय नसते, म्हणून सकर वारंवार वर येऊ लागला की ती इतरांसाठी धोक्याची घंटा समजा. लोडशेडिंगच्या गावांत बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवाच. तो नसेल तर मग्ग्याने पाणी उचलून उंचावरून ओतत राहा. हात दुखतो, पण मासे वाचतात.

दिवसभर एकाच जागी पडून असतो. आजारी आहे का?

तो निशाचर आहे. दिवसा लाकडाखाली पडून राहणं ही त्याची नोकरी. त्याचा डोळा जवळून बघा. पापणी नसते, पण उजेड वाढला की बुबुळाचा एक पडदा वरून खाली उतरतो आणि बाहुली चंद्रकोरीसारखी होते. तो चालू-बंद होतो तेव्हा मासा डोळा मारतोय असं वाटतं. रात्री बारानंतर टॉर्च न लावता बसून बघा, सगळा टँक त्याचा झालेला असतो.

गोल्डफिशबरोबर ठेवू का?

नको. गोल्डफिश मंद, गोलमटोल आणि अंगावर चिकट आवरण असलेला. रात्री सकर त्याला चिकटून ते आवरण चाटतो, सकाळी गोल्डफिशच्या अंगावर लाल चट्टे. उपाशी सकर तर हमखास करतो. डिस्कस, एंजल यांचंही तेच. चपळ मासे चालतात: बार्ब, डॅनिओ, मोठे टेट्रा, आणि मोठ्या टँकमध्ये बहुतेक सिक्लिड.

सोबतीला दुसरा सकर आणला तर?

त्याला सोबत नको असते. लहानपणी जमतं, मोठेपणी जागेवरून भांडणं होतात. एकच ठेवा.

अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर कोणतं औषध?

सकरला तांब्याची औषधं सोसत नाहीत आणि मीठही जपूनच. पांढऱ्या ठिपक्यांवर आधी तापमान दिवसाला एक-दोन अंश करत तीसच्या आसपास न्या आणि हवा वाढवा. औषध घालायचंच तर बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरू करा. तीन-तीन रंगांच्या बाटल्या एकदम ओतणारे लोक मी पाहिलेत. त्यात रोगाआधी मासा जातो.

माझा टँक अडीच फुटीच आहे. मग शेवाळासाठी कोणता मासा घेऊ?

ब्रिसलनोज. कुळ तेच, जात अँसिस्ट्रस. चार-पाच इंचांवर थांबतो, शेवाळ आयुष्यभर खातो, तितकाच काटक. नराच्या नाकावर मिशांसारखी मांसल झुडपं उगवतात. दिसायला सुंदर म्हणता येणार नाही, पण चेहऱ्याला भारदस्तपणा येतो. जोडी ठेवली तर घरच्या घरी पिल्लंही होतात. करवंटी किंवा पाइपच्या तुकड्यात मादी केशरी अंड्यांचा घोस घालते आणि निघून जाते. मग बाप दारात बसून शेपटीने अंड्यांवर पाणी वारत राहतो. पाचेक दिवसांत पिल्लं फुटतात आणि पोटाशी पिवळी पोतडी घेऊन भिंतीला चिकटतात. सकरपेक्षा महाग मिळतो, पण सहा फुटी टँकपेक्षा स्वस्तच.

ओटोसिंक्लस दीड-दोन इंचांचा, गोड, पण नाजूक. पाच-सहांच्या घोळक्यात ठेवावा लागतो आणि नव्या टँकमध्ये टिकत नाही. काळ्या दाढीच्या शेवाळावर सायामीज अल्गी ईटर चांगला. चायनीज अल्गी ईटर या नावाचा सडपातळ, बऱ्याचदा सोनेरी मासा मात्र टाळा. लहानपणी गरीब, मोठेपणी दहा इंचांचा गुंड.

एक आपला देशी मासाही आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकाला चिकटून शेवाळ खाणारा गारा. ब्रिटिश अधिकारी कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या माशांची नावं लिहिताना त्याला ‘मुल्या’ म्हटलं, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. त्याला जोराचा प्रवाह आणि थंड, भरपूर हवेचं पाणी लागतं. ट्रेकला गेल्यावर ओढ्यात पाय सोडून बसलात तर तो तिथेच बघता येतो, आणि तिथेच बघावा.

आता फार मोठा झालाय. नदीत सोडून दिला तर चालेल का?

नाही. नदीत नाही, तलावात नाही, विहिरीत नाही, देवळाच्या कुंडात नाही आणि शेततळ्यातही नाही. लोकांचा हेतू चांगला असतो, जीवदान द्यायचं, पुण्य लागेल असं वाटतं. पण जो मासा कमी प्राणवायूत जगतो, पोटाने श्वास घेतो, ज्याला चिलखत आणि काटे आहेत, त्याला आपल्या नदीत खाणारं फारसं कुणी नाही. तळाचं शेवाळ तो खरवडून नेतो, ज्यावर देशी मासे जगतात. नर काठाच्या मातीत हातभर खोल बिळं करून अंडी राखतात, त्याने काठ ढासळतात.

हे कल्पनेतलं भय नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भेरींत (मासे पाळायच्या तळ्यांत), आंध्रातल्या तळ्या-नद्यांत तो पसरला आहे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत सापडला. आपल्याकडे उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो; काट्यांनी जाळं फाटतं, सोडवताना हात फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निल्यो नावाच्या धरणात तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीची, मोठी मासेमारी होती. सकर माजल्यावर जाळ्यात तोच भरू लागला. यातले बरेचसे मासे कुणाच्या ना कुणाच्या टँकमधून किंवा संवर्धन तळ्यांमधून निसटलेले. दक्षिण अमेरिकेत, त्याच्या माहेरी, तो नदीच्या मेळात बसतो. ब्राझीलच्या मनाऊसमध्ये लोक त्याला बोडो म्हणतात आणि चिलखतासकट भाजून आवडीने खातात.

मग करायचं काय? ज्या दुकानातून घेतला तिथे विचारा, बरेच दुकानदार मोठा मासा परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. शहरातल्या शौकिनांत मोठ्या टँकवाले असतातच. मला माझ्या दुसऱ्या सकरसाठी घर मिळायला तीन महिने लागले, तोवर तो पाण्याच्या जुन्या टाकीत फिल्टर लावून ठेवला होता. फुलवातींच्या डब्यात पिल्लू ठेवून ‘घेता का’ विचारण्यापेक्षा दीड फुटी मासा घेऊन विचारणं अवघड जातं, म्हणून वेळेत विचारा.

दुसऱ्या टँकमध्ये हलवताना जाळीत अडकला. कसा सोडवू?

ओढू नका. घाबरला की तो छातीचे काटे बाहेर काढून ताठ करतो आणि ते जाळीत गुंततात. जाळीसकट पाण्यात ठेवा, तो सैल पडतो. नाही पडला तर कात्रीने जाळी कापा, मासा नको कापू. पुढच्या वेळी जाळी न वापरता झाकणाचा डबा वापरा. काचेवरून खेचून काढायची गरज नाही, तोंडाच्या बाजूने बोट सरकवलं की पकड सुटते.

गणपतीला आठ दिवस गावी जायचंय. त्याचं काय?

मोठा, भरल्या पोटाचा सकर आठवडाभर काहीच न खाता राहतो. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, निघताना नाही. लाइट बंद ठेवा, फिल्टर आणि एअर पंप चालू. शेजारच्या काकूंना किल्ली देणार असाल तर दाण्यांचा डबा लपवून ठेवा, चौथ्या दिवसासाठी काकडीची एकच चकती कापून फ्रीजमध्ये ठेवा आणि वर कागद चिकटवा: ‘एवढीच. सकाळी काढून टाका.’ आमच्या काकूंनी गेल्या वर्षी मोदकाचा तुकडा टाकायचा विचार केला होता, कागद वाचून टाकला नाही.